रोसियो म्हणजे फडकं

चिंचदऱ्याच्या छगन साळके यांच्या मुलीचे नाव रोसियो आहे. हे नाव वाचताना तुम्ही थबकला असाल. गेल्या वीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या हाती टाक, पेन किंवा पेन्सिल होती तो प्रत्येक जण इथे थबकला. आणि थबकल्यावर विचारायचे सोडून प्रत्येकाने आपापल्या अकलेप्रमाणे ते नाव दुरुस्त केले.

त्यामुळे १९७१ च्या नोव्हेंबरात तिचा अर्ज आमच्या कचेरीत आला तेव्हा त्याला तीन कागद टाचलेले होते आणि तीन कागदांवर तीन मुली होत्या. जन्माच्या दाखल्यावर रुसी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ऋषिया. रेशनकार्डावर रशिया. अर्जाखाली मात्र गोल, उजवीकडे जरा कललेल्या अक्षरात सही होती: रोसियो छगन साळके. म्हणजे ही चौथी.

कचेरी कोणती ते सांगत नाही. माझ्या निवृत्तीला अजून चौदा महिने आहेत.

अर्ज नर्सच्या शिक्षणाचा होता. नगरला दोन वर्षे राहून शिकायचे आणि पुढे खेड्यातल्या दवाखान्यावर नेमणूक घ्यायची. पारनेर तालुक्यातून दोनच मुली घ्यायच्या होत्या. मुलाखतीत रोसियो पहिली आली, निवड झाली, पण यादीत तिच्या नावापुढे शेरा पडला: ‘नावाबाबत समाधानकारक खुलासा झाल्यावर.’ मुदत ३१ जानेवारी. तोवर साहेबांचे समाधान झाले नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या मुलीला जाणार होती.

एकच गोष्ट चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेली दिसली की मला जेवण गोड लागत नाही. कॉमर्स शिकल्याचा हा एक कायमचा विकार. मी पत्र टाकून बापलेकीला बोलावून घेतले.

ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. वीस वर्षांची, काटक, पाचवारीचा पदर खोचलेला, हातात कागदांची पिशवी. बाप दारातच बसला.

“नाव?”

“रोसियो.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मी,” ती म्हणाली.

“नावाचा अर्थ विचारतोय.”

“तो कुणालाच ठाऊक नाही, भाऊसाहेब. म्हणून तर ज्यानं त्यानं आपापला घातलाय.”

मी छगनरावांकडे पाहिले. त्यांनी टोपी काढली, आत पाहिले, परत घातली. “मला नका इचारू. हिच्या आईला दवाखान्यातल्या मडमनं दिलेलं नाव हाय. मी बैल धरून भाईर हुतो.”

“पण खुलासा तर लागेल.”

“न्हाई झाला तर न्हाई. माघात हिचं उरकून टाकायचं ठरलंय. अकोल्याकडचं स्थळ हाय. त्यांना नावाची अडचन न्हाई, ते बदलूनच घेनार हायेत. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं दुसरं नाव लिवायचं, मोकळं व्हायचं.”

“मला नाही बदलायचं,” रोसियो म्हणाली. आवाज चढवला नाही. पिशवीचे बंद तेवढे हाताभोवती गुंडाळले. “त्या मडमनं हात घातला नसता तर मी जन्मले नसते, आई वाचली नसती. तिची म्हणून एवढीच वस्तू आहे माझ्याकडं. ती तांदळात कशी पुसू? आन नर्स व्हायचंय ते तिच्यामुळंच.”

आता ही मडम कोण, ते सांगितले पाहिजे. १९५१ च्या सुमारास नगर रस्त्याला मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. पुढे तो बंद पडला. तिथे स्पेन देशातून आलेली एक नन नर्सचे काम करी. पौषातल्या एका सकाळी राहीबाई साळके यांना अडलेल्या अवस्थेत बैलगाडीतून तिथे नेले. आदली दोन मुले जन्मताच गेलेली. ही मुलगी जगली, आई जगली, आणि त्या मडमने मुलीचे नाव सांगून ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. वर्षभराने मडम आपल्या देशाला गेली. अर्थ सांगायचा राहून गेला.

दुरुस्तीला सुरुवात बारशालाच झाली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. छगनरावांची थोरली बहीण लंकाबाई मुद्दाम दोन नावे पाठ करून आली होती, आणि इथे परस्पर कुणा गोऱ्या बाईने नाव ठेवून टाकलेले. पाळण्यात वाकून तिने कुर्र केले ते इतक्या रागाने, की मूल दचकून रडले. मग ती ताठ उभी राहून म्हणाली, “रुसी! आत्या रुसली म्हनून भाची रुसी.” गावच्या पाटलाने जन्माच्या नोंदवहीत तेच घातले. मुलगी मोठी झाली, आणि तिला पाहायला येणारे पाहुणे नाव ऐकून एकमेकांकडे बघू लागले. सासरी नांदेल की माहेरी येऊन रुसून बसेल, असा प्रश्न एकाने तर समोरच विचारला. मुलीने उत्तर दिले, “ते तुमच्या वागण्यावर आहे.” ते पाहुणे पोहे संपवून गेले आणि पुन्हा आले नाहीत.

शाळेत रंगनाथ गुरुजी होते. त्यांना चिठ्ठी दाखवली. इंग्रजी आपल्याला येते असा गुरुजींचा समज होता. त्यांनी चिठ्ठी लांब धरून वाचली आणि म्हणाले, “रोकिओ. स्पेलिंग चुकलंय. बाईचं शिक्षण कमी दिसतं.” मग डोळे मिटून त्यांनी मूळ शब्द शोधून काढला: ऋषिया. ऋषींच्या कुळातली ती ऋषिया. असा शब्द कोणत्याच कोशात नाही हे मी पाहिले आहे, पण गुरुजींना कोश लागत नसे.

रेशनकार्डाचे कारकून तर इतकेही थांबले नाहीत. सहासष्ट सालचा तुटवडा होता, रांग लांब होती. त्यांनी ‘रशिया’ लिहून पुढचे नाव पुकारले. त्या कार्डावर साळक्यांच्या घरी अमेरिकेचा लाल मिलो येई. अमेरिकेचे धान्य आणि रशिया खाणारी, अशी दोन महासत्तांची दिलजमाई चिंचदऱ्यात झाली ती जगाला कळली नाही.

या सगळ्या काळात ती मुलगी काय करत होती? तिच्या नावाच्या धांदलीत तिची स्वतःची गोष्ट मागे पडते, म्हणून सांगतो. मॅट्रिक झालेली गावातली ती दुसरी मुलगी. गावातल्या बायकांची पत्रे लिहून देई आणि आलेली वाचून दाखवी. वाचताना शिव्या गाळी, निरोप गाळत नसे. मागच्या श्रावणात शेजारच्या हाजराबींची लेक जहिरा बाळंतपणात अडली. सुईण दुसऱ्या गावाला गेलेली. रोसियोने छगनरावांची गाडी जुंपायला लावली, जहिराचे डोके मांडीवर घेऊन अकरा मैल पारनेरला आणले, आणि वाटभर तिला झोपू दिले नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, “तू कोण हिची?” ती म्हणाली, “कुणी नाही. गाडीवाल्याची मुलगी.” हाजराबी तिला रोशन म्हणतात. हे पाचवे नाव, पण ते कुठल्या कागदावर नसल्यामुळे त्याचा कुणाला त्रास झाला नाही.

असो. मी साहेबांपुढे फाईल ठेवली. आमचे साहेब सावध माणूस. सही करण्यापूर्वी ते पेनाचे टोपण तीनदा लावून काढतात. त्यांनी तिन्ही दाखले पाहिले.

“यातलं खरं कोणतं?”

“सर, खरं नाव चौथं आहे. हे तीन त्याचेच अपभ्रंश.”

“असं कसं म्हणता येईल? आधी खऱ्या नावाचा अर्थ ठरू द्या. अर्थ ठरला की यातलं कोणतं त्याच्या जवळचं ते ठरेल. अर्थाशिवाय मी सही कशावर करू?”

त्यांचा स्वतःचा अर्थ काय, असे त्यांना आजवर कुणी विचारलेले नव्हते. मी गावाकडून लेखी मत मागवले.

गावाकडून मत येण्याआधी युद्ध आले आणि संपलेही. डिसेंबरात बांगलादेश झाला. रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला हे पेपरात रोज येत होते. चिंचदऱ्याचे सरपंच सूर्यभान पाटील यांना अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. त्यांनी रेशनकार्ड आठवले. आठ दिवसांत शाळेपुढे मांडव पडला. रोसियोला कुणी काही विचारले नाही. शिक्षणाचा दाखला देतो, ये, म्हणून बोलावले आणि खुर्चीवर बसवून अंगावर लाल शाल घातली.

“दिल्लीला आत्ता कळलं,” सूर्यभान पाटील माईकवर म्हणाले, “पन आपल्या गावानं वीस वर्सं आदीच वळखलं हुतं! ह्या मातीत रशिया जल्मली!”

“तिचं नाव रोसियो हाय वो,” खालून कुणीतरी म्हणाले.

“गप रं. मोठ्या देशाला दोन नावं असत्यात.”

नगरच्या एका साप्ताहिकात बातमी आली, फोटोसकट. फोटोत पाटील हसताहेत आणि रशिया शाल काढून घडी घालते आहे. पाटलांनी ते कात्रण, स्वतःच्या दाखल्यासह, माझ्याकडे पाठवले: ‘सदर मुलीचे नाव मित्रराष्ट्र रशिया यावरून ठेवलेले असलेबाबत.’ रंगनाथ गुरुजींनीही त्याच टपालाने ऋषींच्या कुळाचा दोन पानी निबंध पाठवला. आणि पाटलांच्या विरुद्ध पार्टीतल्या कुणीतरी ‘एक जागरूक नागरिक’ अशी सही करून निनावी अर्ज टाकला, की सदर मुलगी परक्या सत्तेच्या नावाने वावरत असून तिला सरकारी दवाखान्यात घेणे देशाला परवडेल काय.

साहेबांनी टोपण तीनदा लावून काढले.

“आज मैत्री आहे, हेडक्लार्क. कबूल. पण उद्या?”

“उद्या काय, सर?”

“ही बाई तीस-पस्तीस वर्षं नोकरी करणार. परराष्ट्र धोरण तितकं टिकतं का? मध्येच बिनसलं तर ही रशिया इंजेक्शनं देत असणार, आणि शिफारशीवर सही कुणाची? माझी. नाही नाही. दुसरा अर्थ शोधा.”

जानेवारीचे सात दिवस गेले होते. मी रोसियोला निरोप पाठवला, मूळ चिठ्ठी घेऊन ये. ती दुसऱ्याच दिवशी आली. चिठ्ठी लोखंडी पेटीच्या तळाशी वीस वर्षे राहिलेली, कडा पिवळ्या, मधोमध घडीवर फाटलेली. निळ्या शाईत एकच शब्द होता, आणि त्यातल्या एका अक्षरावर ठिपक्याऐवजी लहानशी तिरकी रेघ होती. गुरुजींना चूक वाटली ती बहुधा हीच. मी तो शब्द रेघेसकट जपून उतरवून घेतला आणि नगरच्या मिशनमधल्या एका वृद्ध पाद्र्यांना जोडकार्ड टाकले. स्पेनकडची भाषा त्यांना येते असे ऐकून होतो.

दहाव्या दिवशी उत्तर आले. पाद्रीबाबांचे मराठी त्यांच्या पुस्तकांतले होते.

‘आपण कळविलेला शब्द स्पेन देशीचा असून त्याचा अर्थ दहिवर असा होतो. पहाटेस पिकांवर पडते ते. त्या देशी मुलींस हे नाव ठेवितात. पवित्र मरियेस तिकडे एका ठिकाणी दहिवराची माता म्हणतात, त्यावरून ही चाल पडली. दहिवर आवाज न करिता पडते आणि कोणाचे शेत आहे हे पाहत नाही, म्हणून तिकडील लोक त्यास कृपेचे चिन्ह मानितात. उच्चार करिताना मधले अक्षर जिभेचे टोक दातांत धरून करावे.’

मी ते कार्ड दोनदा वाचले. आमच्या पारनेरच्या कोरड्या पठारावर रब्बीची ज्वारी आणि हरभरा कशावर उभे राहतात हे ज्याला माहीत आहे, त्याला दहिवराची थोरवी स्पेनहून कळवावी लागत नाही. मला वाटले, सुटलो. कार्डाला पान चौदा असा नंबर घालून मी ते फाईलला लावले आणि स्वतः साहेबांकडे घेऊन गेलो.

साहेबांनी ‘दहिवर’ पर्यंत मान डोलावली. ‘मरिये’शी मान थांबली.

“म्हणजे हे बाटलेत?”

“नाही सर. साळके आहेत. खंडोबाचे.”

“मग देवीच्या नावावरून नाव कसं? तेही त्यांच्या देवीच्या?”

“आपल्याकडे नाही का सर, मुलीचं नाव…”

“आपल्याकडे आपली देवी आहे. अर्जात धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलंय आणि नावात मरिया. तपासून घ्यायला नको? तुम्ही स्वतः जा. घरी जाऊन आईचा जबाब घ्या. धर्म काय, नाव का ठेवलं, सगळं.”

एकोणीस तारखेला हे बोलणे झाले. वीस तारखेला पहिल्या एसटीने मी चिंचदऱ्याच्या फाट्यावर उतरलो. उन्हे यायची होती. फाट्यापासून गाव मैलभर. वाटेत साळक्यांचे रान लागते. त्या वर्षी पाऊस बेताचाच झालेला, हरभरा वीतभर वाढून थांबला होता, पण घाट्यांवर दहिवर मात्र असे साचले होते की वाफा पांढरा दिसत होता.

त्या वाफ्यात एक बाई जुन्या धोतराचे फडके दोन हातांत ताणून धरून हरभऱ्यावरून हळूहळू ओढत चालली होती. वाफा संपला की फडके बाटलीवर धरून पिळायची. हरभऱ्यावरची आंब, म्हणजे दहिवरात उतरलेला हरभऱ्याचा आंबटपणा. ज्याने चाखली नसेल त्याला सांगतो, लिंबू तिच्यापुढे गोड लागेल. पोटदुखीवर आमच्याकडे याहून मोठे औषध नाही.

“राहीबाई साळके?”

“व्हय. थांबा जरा भाऊसाहेब, उन्ह आलं की संपलं.” तिने उरलेला वाफा पुरा केला, मग बांधावर येऊन बसली. “पोरीचं काय झालं?”

“तुमचा जबाब घ्यायला आलोय. नाव का ठेवलं, कसं ठेवलं.”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिच्याकडचा चोरीचा माल ओळखला आहे.

“आता इचारताय,” ती म्हणाली. “वीस वर्सांनी.”

“आधी कुणी विचारलं नाही?”

“गुरुजींनी मालकांना इचारलं. मालक बैल धरून भाईर हुते. पाटलांनी कुनालाच इचारलं न्हाई. मला कशाला इचारत्यात? मी तर नुसती जल्म द्यायला हुते.”

मग तिने सांगितले. त्या दिवशीही ती अशीच पहाटे हरभऱ्यात आली होती. सासूच्या पोटासाठी आंब लागायची. दोन वाफे झाले आणि कळा सुरू झाल्या. तशीच उचलून गाडीत घातली. फडके मुठीतच राहिले.

“दवाखान्यात मूठ सोडंना मी. मडमनं एकेक बोट उकललं, फडकं काढून घेतलं. पिळलं. वास घेतला. जिभंला लावलं आन तोंड हे असं केलं.” राहीबाईंनी तोंड करून दाखवले आणि हसल्या. “खिडकीतून भाईर बघितलं तिनं. दवाखान्याच्या मागं बी हरभराच हुता. मंग पोरगी झाली. मडमनं एक हात पोरीवर ठिवला, दुसऱ्या हातात त्ये फडकं वर धरलं आन म्हनली, रोथियो. दोनदा म्हनली. बोबडी हुती बिचारी. कंपौंडरनं नीट सांगितलं, रोसियो.”

“मग तुम्ही अर्थ काय समजलात?”

फडके मांडीवर घेऊन त्याची घडी घालू लागली.

“आता काय समजायचं? हातात फडकं धरून म्हनली म्हंजी फडकंच की. त्यांच्या देशात फडक्याला रोसियो म्हनत असत्याल.”

“आणि तुम्ही मुलीचं नाव फडकं ठेवू दिलंत?”

“दिलं म्हंजी काय, मला लई बरं वाटलं! माझी आदली दोन गेली हुती, भाऊसाहेब. सासू म्हनलीच हुती, आता जे होईल त्याचं नाव धोंडा न्हाईतर केरा ठिवायचं, म्हंजी कुनाची दिष्ट लागत न्हाई. मला वाटलं, ह्या परमुलखातल्या बाईला कसं कळलं! धोंड्यापरीस फडकं बरं. मऊ तरी असतंय. आन फडक्याकडं यम बी बघत न्हाई.” तिने घडी घातलेल्या फडक्यावरून हात फिरवला. “बघितलं का त्यानं? वीस वर्सं झाली.”

“मुलीला माहीत आहे?”

“न्हाई वो. तिला कशी सांगू? एवडी मॅट्रिक झालेली. चारचौघीत म्हनायच्या, तुजं नाव फडकं. गुरुजी ऋषी म्हनले, म्हनलं असू दे. पाटील रशिया म्हनले, म्हनलं असू दे. झाकलेलंच बरं हुतं.”

पाद्रीबाबांच्या कार्डाची नक्कल माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. हात तिकडे गेला. पण मला साहेब दिसले, त्यांचे पेनाचे टोपण दिसले, आणि अकरा दिवस दिसले. हात तसाच खाली आणून मी पॅड काढले.

‘समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देते की, माझी पूर्वीची दोन अपत्ये मयत झालेने नजर लागू नये म्हणून स्थानिक रूढीप्रमाणे मुलीचे नाव फडके या अर्थाचे ठेवणेत आले. त्यात कोणत्याही परदेशाचा किंवा परधर्माचा संबंध नाही. आमचे कुलदैवत खंडोबा आहे.’ मी वाचून दाखवले. राहीबाई म्हणाल्या, “बराबर हाय,” आणि अंगठा उठवला. अंगठा ओला असल्यामुळे शाई जरा पसरली.

साहेबांनी जबाब वाचला. या प्रकरणात मी त्यांचा चेहरा प्रथमच मोकळा झालेला पाहिला.

“फडकं!” ते म्हणाले. “अहो हे आधी नाही का सांगायचं?”

“आधी आईला कुणी विचारलं नव्हतं, सर.”

“यात राजकारण नाही, धर्म नाही. शुद्ध फडकं आहे. आमचे थोरले चुलते, त्यांचं नाव उकिर्डा होतं. तीस वर्षं सरकारी नोकरी केली. कुणी खुलासा मागितला नाही. नावाला अर्थ असावा तर असा, कुणाला आक्षेप घ्यायला जागाच नाही.”

“आणि पान चौदा, सर? पाद्रीबाबांचं कार्ड?”

साहेबांनी समासात स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘पान १४ वरील अर्थ परदेशी असल्याने विचारात घेण्याचे कारण नाही.’ मग टोपण काढले, आणि या वेळी ते परत न लावता सही केली.

खऱ्या अर्थाने जिचे काम अडले, तिचे काम खोट्या अर्थाने एका सहीत झाले. मी तक्रार करत नाही. मीच तो जबाब लिहिला होता.

हुकूम टाईप करायला आमच्या टंकलेखकाकडे, मच्छिंद्रकडे गेला. मच्छिंद्रचा हात भारी जलद, आणि डोके हाताच्या वाटेत येत नाही. ‘नाव फडके या अर्थाचे असून रुसी, ऋषिया व रशिया ही एकाच उमेदवाराची नावे समजण्यात यावीत’ हे वाक्य त्याला लांबलचक वाटले. त्याने विषयाच्या ओळीत थोडक्यात टाकले: ‘कु. रोसियो छगन साळके ऊर्फ फडके.’ माझ्या लक्षात आले तेव्हा एक प्रत नगरला रवाना झाली होती आणि दुसरी उमेदवाराच्या हाती द्यायची माझ्या टेबलावर होती. तिकडे वसतिगृहाच्या बाई आता तिला साळके म्हणतील की फडके, आणि फडके म्हटल्यावर कुठल्या फडक्यांपैकी म्हणून विचारतील, याची मला काळजी लागली. पण मुदतीला दोन दिवस होते. चूक दुरुस्त करायला परत साहेबांपुढे गेलो असतो तर त्यांनी फडक्यांचे गोत्र काढायला लावले असते. मी गप्प बसलो.

एकतीस तारखेला सकाळी ती तिघे पारनेरच्या स्टँडवर आली. पत्र्याची पेटी छगनरावांच्या खांद्यावर, राहीबाईंच्या हातात पिशवी. मी हुकूम घेऊन तिथेच गेलो. रोसियोने तो उभ्याने वाचला. विषयाच्या ओळीशी थांबली.

“ऊर्फ फडके?”

“टंकलेखकाची चूक आहे. तिथं गेल्यावर आधी तेवढं सांग.”

“सांगते,” ती म्हणाली, आणि हसू दाबले. “सवय आहे, भाऊसाहेब. पण फडके कुठून आलं?”

राहीबाई एकदम एसटीच्या पाटीकडे बघू लागल्या. छगनराव म्हणाले, “मला नको इचारू.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. हुकूम निघाला होता, सही झाली होती, आणि आमच्या कचेरीत झालेली सही परत उलटवण्याइतका उत्साह कुणाकडे नाही. मी खिशातून पाद्रीबाबांच्या कार्डाची नक्कल काढून तिच्या हातात दिली. तिने पहिल्यांदा मनात वाचली. मग तिचा चेहरा बदलला आणि तिने पुन्हा पहिल्यापासून, गावातल्या बायकांना पत्र वाचून दाखवायची तशी, मोठ्याने वाचली. ‘दहिवर आवाज न करिता पडते आणि कोणाचे शेत आहे हे पाहत नाही’ इथे ती थांबली.

“आई, दहिवर. माझं नाव दहिवर आहे.”

“कोन म्हनतं?”

“पाद्रीबाबांनी लिहून दिलंय. त्या देशात पोरींचं नाव ठेवतात. फडकं नाही गं. दहिवर.”

राहीबाईंनी लेकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. वीस वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट अशी स्टँडवर उघडी पडल्यावर बाई लाजेल, रडेल, निदान माझ्यावर रागावेल असे मला वाटले. तिने कपाळाला आठी घालून जरा विचार केला.

“मंग त्येच की,” ती म्हणाली. “फडक्यात दुसरं काय हुतं?”

नगरची गाडी लागली. छगनरावांनी पेटी टपावर चढवली आणि खाली उतरल्यावर मला हळूच विचारले, अकोल्याच्या पाहुण्यांना काय कळवू. मी म्हटले, कळवा की नाव बदलायचे नाही असे ठरले. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांनीच ठरवले होते.

रोसियो खिडकीशी बसली. राहीबाईंनी पिशवीतून आंबेची बाटली काढली आणि वर हात करून तिला दिली. “तिथलं पानी जड असतंय. रोज चमचाभर घे, तोंड वाकडं नको करू.” गाडी सुरू झाली तशी त्यांना काहीतरी आठवले. चालत्या गाडीबरोबर चार पावले पळत त्यांनी ती बाटली लेकीच्या हातातून परत ओढली, बाटलीच्या तोंडाशी कोंबलेला फडक्याचा बोळा अंगठ्याने आणखी आत दाबला, आणि मगच ती पुन्हा लेकीच्या हाती सोडली.